ब्लाउजवरून ऐकलेलं हृदय

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे: नाडी ७८, श्वास २०, ताप नाही, हृदय ठीक. चारपैकी तीन गोष्टी मी तपासल्या होत्या. चौथी नुसती लिहिली होती.

नोंद माझ्या सासूबाईंची. त्या आमच्याकडे कायमच्या राहायला येऊन तीन वर्षं झाली होती. वय शहात्तर, न्यूझीलंडमधल्या आमच्या अल्बनीच्या घरात स्वतंत्र खोली, स्वतंत्र हीटर आणि स्वयंपाकघरावर पूर्ण ताबा. मे महिन्यात, म्हणजे इथल्या थंडीच्या तोंडावर, त्यांना दम लागायला लागला. बसस्टॉपवरून घरी येताना चढावर त्या दोनदा थांबायच्या आणि थांबले असं कबूल करायच्या नाहीत. शेजारणीची बाग बघतेय म्हणायच्या. मे महिन्यात त्या बागेत एक गुंडाळून ठेवलेली नळी आणि दोन रिकाम्या कुंड्या असतात.

मी वह्या ठेवते. गाडीची तपासणी कधी, मुलीचा दाताचा डॉक्टर कधी, फ्रीझरमध्ये पुरण कुठल्या तारखेचं, सगळं लिहिलेलं असतं. तेव्हा दम लागतोय म्हटल्यावर मी स्टेथोस्कोप काढला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि शाल, स्वेटर, पदर, ब्लाउज एवढ्या सगळ्यांवरून डाव्या बाजूला एका जागी टेकवला. पंधरा सेकंद. ठोके पडत होते.

"झालं?"

"झालं, आई."

"बघ. उगाच घाबरतेस. थंडीनं होतं."

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण पुढे अनेकांनी मला फार समजून घेतलं आणि मला ते अजिबात नको होतं. मी नर्स आहे, आणि छाती, फुप्फुसं, हृदय कसं तपासायचं हे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवणं ही माझी नोकरी आहे. आधी नीट पाहा: छाती दोन्ही बाजूंनी सारखी वर येते का, मानेच्या शिरा फुगल्यात का. मग हात ठेवा. मग मधलं बोट टेकवून त्यावर दुसऱ्या हाताच्या बोटानं ठोका, पोकळ वाजतं की भरीव ते ऐका. मग स्टेथोस्कोप. फुप्फुसांसाठी पाठ, पुढची बाजू, कुशी. हृदयासाठी किमान चार जागा, आणि प्रत्येक जागी कातडीवर. कापड स्वतःचा आवाज करतं आणि आतला खातं. हे वाक्य मी वर्षातून दहा वर्गांना ऐकवते आणि घरी सासूला शालीवरून तपासते.

असं का झालं हे मला माहीत आहे. पुण्यात मी तेरा वर्षं ज्या हॉस्पिटलात काढली तिथे स्टेथोस्कोप डॉक्टरांच्या गळ्यात असायचा. छाती तपासताना नर्सचं काम एकच, पदर धरणं. बाई पेशंट असली की मी पदराचा पडदा करून उभी राहायची, डॉक्टर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत पदराखालून हात घालायचे आणि ब्लाउजवर कुठेतरी नळी टेकवायचे. बाई दुसरीकडे बघायची. मी तिसरीकडे. तिघांनी मिळून काही पाहिलंच नाही म्हटल्यावर सगळ्यांची अब्रू शाबूत. डॉक्टर केसपेपरवर 'छाती साफ' लिहायचे, मी ते माझ्या नोंदवहीत उतरवून घ्यायची. माझं अक्षर चांगलं होतं, मेट्रन कौतुक करायच्या.

न्यूझीलंडला आल्यावर नोंदणीसाठी जो कोर्स करावा लागला त्यात मला स्टेथोस्कोप दिला आणि ऐका म्हणाले. एकोणचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा माणसाचं फुप्फुस स्वतःच्या कानानं ऐकलं. परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झाले, कारण हात आपोआप पेशंटचा गाऊन पुन्हा छातीवर ओढत होता. दुसऱ्या खेपेला पास झाले. तेव्हापासून ब्लाउजवरून ऐकणं सुटलं असं मला वाटत होतं. परक्यांच्या बाबतीत सुटलं होतं.

जूनमध्ये सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरकडे, नेलं. तरुण, अतिशय सभ्य मुलगा. त्यानं हीटर वाढवला, हात चोळून गरम केले आणि विचारलं, "तुमच्या हृदयाचे ठोके ऐकले तर चालेल ना?" मी भाषांतर केलं. सासूबाईंनी शाल गळ्यापर्यंत ओढली. तो लगेच म्हणाला, "काही हरकत नाही, तुमच्या रिवाजाचा मान आहे," आणि कार्डिगनवरून ऐकलं. मी शेजारीच बसले होते. मी म्हणू शकले असते की शाल काढूया, मी पडदा धरते. उलट मला त्याचं बरं वाटलं. कसा संस्कारी आहे, असंसुद्धा मी गाडीत म्हणाले.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी आम्ही सँडरिंगहॅमला, तिथल्या भारतीय दुकानात, किराणा आणायला गेलो. भाजणीचं पीठ, ज्वारी, मेथी, यादीत सतरा वस्तू होत्या. अकराव्या वस्तूपाशी सासूबाई वाकल्या, उठल्या आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्या तांदळाच्या पोत्यावर बसल्या. पडल्या नाहीत, बसल्या, असं त्यांचं आजही म्हणणं आहे. दुकानदारानं पाणी आणलं. मी त्यांची नाडी धरली तर प्रत्येक ठोका बोटाखाली सावकाश वर चढत होता, जसा चढू नये तसा. मी यादी तिथेच सोडली, घेतलेलं तेवढं सामान गाडीत टाकलं आणि निघाले.

घरी पोचल्यावर मी त्यांच्या खोलीचं दार लावलं.

"आई, ब्लाउज काढा."

"काय?"

"हुक काढा. मला नीट ऐकायचंय."

"मघाशी ऐकलंस ना मनगटात?"

"मनगटात नाडी असते. मला हृदय ऐकायचंय."

"मे महिन्यात ऐकलंस की. ठीक आहे म्हणालीस."

"खोटं बोलले."

त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. मग म्हणाल्या, "अगं, चार बाळंतपणं झाली माझी, पण दिवसाउजेडी माझ्या नवऱ्यानंसुद्धा पाहिलं नाही. आणि आता सुनेपुढे उघडी बसू?"

दाराबाहेरून नवरा म्हणाला, "आई, ती नर्स आहे."

"तू गप रे! जा, ती मेथी निवड."

त्याच्या मागून मुलगी, वय सतरा, म्हणाली, "आजी, जस्ट डू इट ना. इट्स नो बिग डील."

"तुझं तू पोहायला जातेस ते बघ आधी, पट्ट्या लावून!"

"टॉग्ज म्हणतात पोहायच्या कपड्यांना."

मी सगळ्यांना ओरडून गप्प केलं आणि पलंगाच्या कडेला बसले. मी सांगितलं की दुकानात जे झालं ते थंडीनं झालेलं नाही. तुमच्या हृदयात काहीतरी बिघडलंय असं मला वाटतंय, आणि ते मी शालीवरून शोधू शकत नाही. अँब्युलन्स बोलावली तर ते विचारणारसुद्धा नाहीत, कात्रीनं कापतील ब्लाउज. हे शेवटचं मी मुद्दाम म्हणाले. तो त्यांचा इरकली खणाचा होता.

सासूबाईंनी ब्लाउजच्या काठावरून बोट फिरवलं. मग त्यांनी हात पुढे केला.

"आण ते इकडे."

"काय?"

"तुझं ते यंत्र. आधी तू काढ. मी ऐकते. मग बघू."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्या हात तसाच धरून बसल्या होत्या. तेव्हा पन्नाशीची मी, ऑगस्टच्या थंडीत, सासूच्या पलंगावर कुर्ता काढून बसले. त्यांनी स्टेथोस्कोप उलटा घातला, तो मी फिरवून दिला. त्यांचे हात बर्फासारखे होते आणि त्यांनी ते मुळीच चोळले नाहीत. मी जागा दाखवल्या. त्यांनी चारही जागी ऐकलं, दर जागी चांगलं अर्धं मिनिट, डोळे मिटून. एखाद्या विद्यार्थ्यानं इतकं लक्ष दिलं तर मी त्याला त्याच दिवशी पास करीन.

"धडाडतंय की तुझं," त्या म्हणाल्या. "भ्यायलीस?"

"हो."

"बरं." आणि त्यांनी स्वतः हुक काढले. वरचे दोन. मग जरा थांबून उरलेले.

मी चादर घेतली. हा भाग मला चांगला येतो, तेरा वर्षं केलेलं काम आहे. एक बाजू झाकलेली, एक उघडी, जेवढं ऐकायचं तेवढंच उघडं. उजव्या बाजूला छातीच्या हाडालगत, दुसऱ्या फासळीच्या खाली, मी स्टेथोस्कोप टेकवला आणि लगेच ऐकू आलं. दोन ठोक्यांच्या मध्ये खरखर. ओलं लाकूड करवतीनं कापावं तशी, प्रत्येक ठोक्याला एक फेर. मानेवर नेला, तिथेही तीच. विद्यार्थ्यांना ऐकवायला आमच्याकडे हा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवलेला आहे. त्या ध्वनिमुद्रणापेक्षा हा स्पष्ट होता. मे महिन्यात मी योग्य जागी, कातडीवर टेकवला असता तर पहिल्या ठोक्याला कळलं असतं.

"काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

"झडप अरुंद झालीय. दार अर्धवट उघडतंय आणि रक्त जोर करून बाहेर पडतंय."

"मग दुकानात..."

"डोक्यापर्यंत पुरेसं पोचलं नाही."

मी त्यांना फसवलं नाही. उपचार केला नाही तर असे लोक फार वर्षं काढत नाहीत हेही मी त्या संध्याकाळी सांगितलं, कारण त्यांनी विचारलं. मग त्यांचे हुक लावून दिले आणि त्याच रात्री त्यांना इमर्जन्सीत नेलं.

तपासण्या झाल्या, इको झाला, झडप खरंच खूप अरुंद निघाली. तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की छाती न फाडता मांडीच्या वरच्या धमनीतून नवी झडप बसवता येईल. मी भाषांतर केलं. सासूबाईंनी मला परत सांगायला लावलं.

"मांडीतून?"

"हो. इथून, जांघेतून."

"म्हणजे आणखी खाली!" त्या डॉक्टरीणबाईंकडे बघून ठणठणीत इंग्रजीत म्हणाल्या, "नो थँक यू." आणि पर्स घेऊन उठल्या.

गाडीत आमचं जे भांडण झालं ते हार्बर ब्रिजच्या अलीकडे सुरू झालं आणि घरी पोचेपर्यंत टिकलं. ऑपरेशनची भीती नव्हती त्यांना. मरणाचीही फारशी नव्हती. भीती होती ती टेबलावर सहा अनोळखी माणसांपुढे तसं पडून राहण्याची, आणि ते आपल्याला कळणारही नाही याची. "मेले तरी चालेल, पण नेसलेली मरेन," असं त्या म्हणाल्या. मी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "तुम्ही आधी सगळं तपासू द्या, मग लाज, असं मी म्हणतच नाहीये. दोन्ही करता येतं. मला यादी करू द्या."

यादी केली. कोण कोण खोलीत असणार. त्यातल्या बायका किती. कपडा कधी काढणार, कोण काढणार, लगेच काय पांघरणार. तिथली तयारी बाईनर्स करेल का. झोप लागेपर्यंत अंगावर साडीचा तुकडा राहू देतील का. नऊ प्रश्न. मी ते हॉस्पिटलला पाठवले आणि उत्तर येईपर्यंत दर दोन दिवसांनी फोन केला. फोनवरची बाई दुसऱ्या आठवड्यात आवाजावरून ओळखायला लागली. आठ प्रश्नांना हो आलं. नवव्याला, साडीच्या तुकड्याला, नाही आलं, जंतूंच्या कारणानं. सासूबाईंनी आठ हो वाचून घेतले, नाहीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "एवढं सोडते. सही कुठे करायची?"

त्या वाट पाहण्याच्या आठवड्यांत मी कामावर दुसरं भांडण काढलं. आमच्या सरावाच्या नियमांत एक ओळ आहे, किंवा होती: सांस्कृतिक कारणांसाठी स्त्रियांची छाती कपड्यांवरून तपासलेली चालेल. परिणाम असा की सरावाचे पुतळे सगळे सपाट छातीचे, सरावासाठी शर्ट काढणारी मुलं सगळी मुलगे, आणि मुली एकमेकींना टीशर्टवरून ऐकणार. स्तनाखाली हृदयाचं टोक कुठे सापडतं हे पास झालेल्या कितीतरी जणींनी कधी शोधलेलंच नसतं. मी विभागप्रमुखांकडे गेले आणि ओळ काढा म्हणाले. त्या भल्या बाई आहेत.

"पण ती ओळ तुझ्याच सल्ल्यानं घातली," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वी. तूच सांगितलंस की तुमच्याकडच्या बायकांना आवडणार नाही."

खरं होतं. मीच सांगितलं होतं. मला इथे विचारणारं कोणी भेटलं याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता, आणि पुण्याच्या वॉर्डातली सोय मी संस्कृती म्हणून त्यांच्या हातात दिली होती.

"मी चुकीचं सांगितलं," मी म्हणाले. "आवडणार नाही हे खरंय. म्हणून तपासायचं नाही, हे आम्ही केलेलं पाप आहे. माझ्या घरात एक बाई त्या ओळीनं मरणार होती."

"वर्षाअखेरीस सगळे नियम तपासतोच, तेव्हा..."

"मी तोपर्यंत कपड्यावरून ऐकलेल्या एकाही विद्यार्थ्याच्या कागदावर सही करणार नाही."

"असं करता येत नाही."

"बघूया."

सही केली नाही. पुढच्या वर्गात मी मुलींना म्हटलं की सराव माझ्यावर करायचा. पडदा लावला, पलंगावर झोपले, चादर कशी धरायची, किती सरकवायची, पेशंटला प्रत्येक पायरी आधी कशी सांगायची, हे स्वतःच्या अंगावर दाखवलं. पहिली मुलगी इतकी लाजली की तिनं स्टेथोस्कोप माझ्या खांद्यावर ठेवला. "तिथे माझं हृदय नाही," मी म्हटलं. तिसरीनं टोक बरोबर शोधलं. चौथी टोंगा बेटांवरून आलेली मुलगी होती, ती म्हणाली की आमच्या आजीला असं चादरीनं झाकून विचारलं असतं तर तिनं ऐकू दिलं असतं, कोणी विचारलंच नाही. त्या दिवशी मी घरी गेले ती अधिकच भांडायच्या तयारीनं. एका सहकाऱ्यानं मला सांगितलं की हे जरा व्यावसायिक शिस्तीत बसत नाही. मी त्याला विचारलं की तुझ्यावर शर्ट काढून सराव करतात तेव्हा ते बसतं का. तो कॉफी आणायला गेला. चौथ्या आठवड्यात ती ओळ निघाली आणि तिच्या जागी चादर धरण्याच्या पायऱ्या आल्या. मी त्यातले दोन शब्द बदलून परत पाठवल्या.

सासूबाईंचं ऑपरेशन ऑक्टोबरात झालं. सकाळी नेण्याआधी एक तरुण डॉक्टर आला आणि गाऊनवरूनच नळी टेकवायला लागला. मी म्हटलं, गाऊनच्या आतून. तो म्हणाला की इको पाहिलाय, आता ऐकायची खरं तर गरजच नाही. "मग टेकवू नका," मी म्हटलं, "टेकवणार असाल तर नीट." त्यानं नीट ऐकलं. सासूबाई मला मराठीत म्हणाल्या, "किती गं भांडतेस! बिचाऱ्याचं लग्न व्हायचंय अजून." मग त्यांना घेऊन गेले.

दीड तास सांगितला होता, सव्वादोन लागले. नवरा व्हेंडिंग मशीनसमोर उभा होता, काही न घेता. मी वही उघडली आणि काही लिहिलं नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या मास्क खाली करत आल्या, तेव्हाच मला कळलं. झडप बसली होती. उत्तम बसली होती.

दुपारी वॉर्डात गेले तेव्हा सासूबाई उताण्या पडून होत्या, पाय हलवायचा नाही म्हणून वैतागलेल्या, पण ओठांचा रंग परत आलेला. तेवढ्यात त्यांची नर्स आली, विशी-बाविशीची, केसात मोठं फूल. "किया ओरा, आंटी," तिनं माओरीत नमस्कार केला. "मी तुमचं हृदय ऐकू का? कातडीवर ऐकावं लागेल. मी पडदा लावते आणि जेवढं लागेल तेवढंच उघडते. चालेल?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. सासूबाईंनी हातानं मला थांबवलं आणि तिला म्हणाल्या, "येस, येस. कम." मग माझ्याकडे वळून, "तू जा बाहेर."

"मी इथेच..."

"कशाला? ती करतेय ना. तू बघत बसलीस की तिचे हात थरथरतील. जा."

मी पडद्याबाहेर उभी राहिले. आतून गाऊनची नाडी सुटल्याचा आवाज आला, चादर सरकल्याचा आला, मग काहीच नाही. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. वीस सेकंद. चाळीस. शेजारच्या पलंगावरचा माणूस माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघून मान हलवली. पूर्ण मिनिट गेलं, मग आणखी अर्धं, आणि ती मुलगी अजून ऐकतच होती.

"झालं का गं?" आतून सासूबाईंचा आवाज, मराठीतच. "झालं असेल तर चहा सांग. आणि त्यात दूध आधी घालू नका म्हणावं."